ब्लॉक हीटर आणि अकरा भजी

"नाना, ऐका. काही आवाज येतोय का?"

वृषाली गाडीच्या बॉनेटला कान लावून ओणवी उभी होती. मीही शेजारी ओणवा झालो.

"कसला आवाज?"

"हीटरचा. किटलीत पाणी तापायला लागलं की येतो ना, तसा. सूं..."

"मला फक्त माझ्या दातांचा येतोय."

ती हसली नाही. साडेसात वाजले होते, बाहेर अजून अंधार होता, भिंतीवरचा दिवा जळत होता आणि तापमान उणे बत्तीस होतं. गाव रेजायना, देश कॅनडा. त्या भागात माणसांनी वस्ती का केली, हे तिथल्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. मी दोघातिघांना विचारून पाहिलं होतं.

तिकडे हिवाळ्यात गाडी दारात लावली की तिच्या नाकातून लोंबणारी एक वायर भिंतीतल्या प्लगला जोडतात. म्हैस दावणीला बांधावी, तशा गल्लीतल्या सगळ्या गाड्या भिंतींना बांधलेल्या असतात. इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकमध्ये, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमध्ये बुडालेला, बोटाएवढा एक हीटर असतो. तो कूलंट कोमट ठेवतो, म्हणून सकाळी गाडी चालू होते. नाहीतर आतलं ऑइल काकवीसारखं घट्ट होऊन बसतं.

मी साखर कारखान्याच्या गॅरेजात एकतीस वर्षं फोरमन होतो. ट्रक, ट्रॅक्टर, चेअरमनसाहेबांची जीप, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. एकतीस वर्षं इंजिन तापू नये याचा पगार घेतला, आणि आता लेकीच्या दारात उभा राहून ऐकत होतो की इंजिन तापत नाही, हीच तक्रार आहे.

वृषालीने किल्ली फिरवली. गाडी दोनदा कण्हली आणि गप्प झाली. आठवडाभर हेच चाललं होतं.

"तू वायर ओढून काढत असशील," मी म्हणालो. "प्लग धरून काढायचा असतो. आतलं कनेक्शन तुटलं असणार."

"मी प्लग धरूनच काढते, नाना."

"सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात."

"मी ड्रायव्हर नाहीये."

"तेही म्हणतात. आपल्या गॅरेजात असतीस ना, तर आज भजी द्यावी लागली असती तुला."

ती बूट करकरवत शेजारच्या वॉल्टरचं दार वाजवायला गेली.

भज्यांचं सांगायला हवं. आमच्या गॅरेजात एक पद्धत होती. ज्याच्या चुकीने काम बिघडलं, त्याने दुपारी चार वाजता कांदाभजी आणायची आणि वर्तमानपत्राचा पुडा वर्कबेंचवर ठेवायचा. काही बोलायचं नाही. कोणाची म्हणून बाकीच्यांनी विचारायचं नाही. आणणाऱ्याने एकही खायची नाही, इतरांनी सगळी संपवायची. भजी संपली की विषय संपला. त्यानंतर त्या चुकीचं नाव कोणी काढलं, तर दुसऱ्या दिवशी भजी त्याची. कारखान्याच्या ऑफिसात याच कामासाठी चौकशी समिती नेमत. तिला सहा महिने लागत, आणि शेवटी भजीही मिळत नसत.

पद्धतीत एकच सवलत होती. चेअरमनसाहेबांनी एकदा स्वतः पंपावर उभं राहून डिझेलच्या जीपमध्ये पेट्रोल भरायला लावलं. त्या दिवशी भजी जीपच्या ड्रायव्हरने दिली.

वृषालीची शाळा सुटायची साडेतीनला. शाळेतून ती थेट गॅरेजात यायची आणि टायरवर बसून भजी खायची. तिचं निम्मं बालपण दुसऱ्यांच्या चुकांवर पोसलेलं आहे. मी एकतीस वर्षांत भरपूर खाल्ली. दिली एकदाही नाही. निरोपसमारंभात मी हे मुद्दाम सांगितलं होतं, आणि टाळ्या पडल्या होत्या.

वॉल्टर आला. वय अठ्ठ्याहत्तर, आधी शेतकरी. त्याच्या मुलीने त्याचा ट्रक विकून टाकला होता, कारण मोतीबिंदूमुळे त्याला दोन रस्ते दिसत आणि तो मधल्या रस्त्याने चालवी. ट्रक गेला, पण गॅरेज राहिलं. उबदार, हत्यारांनी भरलेलं आणि मधोमध रिकामं. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, त्याचं तिथलं आणि माझं कारखान्याच्या स्टोअरमधलं. इथे मी ते मराठीत देतो. आम्हाला जे म्हणायचं असे, ते मराठीतच जास्त बरोबर येतं.

त्याने चाकांवरचा बॅटरी चार्जर ओढत आणला, चिमटे लावले आणि गाडी कशीबशी चालू करून दिली.

"हीटर गेला असेल," तो म्हणाला. "भिंतीत वीज येते ना?"

मी भिंतीवरच्या दिव्याकडे हात केला. "दिवा दिसतोय ना? वीज नसती तर जळला असता का?"

"मग हीटर," वॉल्टर म्हणाला.

"हीटर," मी शिक्का मारला.

तो बुधवार होता. शनिवारी वृषालीची परीक्षा होती.

माझी मुलगी आपल्याकडची गुरांची डॉक्टर. तिकडे मात्र परीक्षा पास झाल्याशिवाय जनावराला हात लावू देत नाहीत. म्हणजे हात लावू देतात, पण साबण लावून. तीन वर्षं ती एका केंद्रात कुत्र्यांना अंघोळ घालत होती. लेखी परीक्षा झाली होती, प्रात्यक्षिक पहिल्या वेळी राहिलं. घोड्याने साथ दिली नाही. आता दुसरी खेप, दुसऱ्या गावात, अडीच तासांच्या रस्त्यावर, सकाळी आठला हजर. त्या वेळेला पोचवणारी बस नव्हती. जावई हर्षल उत्तरेला खाणीत नोकरीला, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. हे त्याचे तिकडचे होते. "या वेळी हुकलं तर मी आणखी एक वर्ष कुत्री धुणार नाही, सरळ परत जाईन," असं ती त्याला फोनवर म्हणाली. ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं होतं. जिन्यात उभा राहण्याचं कारण कठडा हलत होता हे.

कठड्यावरून आठवलं. हिचं, म्हणजे वृषालीच्या आईचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी एकटाच गेलो होतो, आणि आल्या दिवशीच घर ताब्यात घेतलं होतं. घर भाड्याचं, त्यामुळे कोणाचंच लक्ष नाही. मोरीचा नळ गळत होता, वॉशर बदलला. दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला खोबरेल दिलं. टोस्टर, मिक्सर, चार्जर, सगळे प्लग दिवसरात्र भिंतीत. उपसून ठेवले. मागच्या दाराजवळ एका पट्टीवर दोन बटणं होती. एकाने बाहेरचा दिवा लागे. दुसऱ्याने काहीच लागत नव्हतं, चार वेळा खालीवर करून पाहिलं. ते बंद करून टाकलं. काही लागत नसताना चालू असलेल्या गोष्टी मी कारखान्याच्या ऑफिसात भरपूर पाहिल्या होत्या, घरात नको होत्या. फ्रीजमधल्या डब्यांवर तारखा घातल्या. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. वृषाली म्हणाली ते मुद्दाम ठेवलंय. मी मुद्दाम बरोबर केलं.

असो. बुधवारी तिने तीन वर्कशॉपना फोन केले. थंडीची लाट होती, सगळ्यांच्या गाड्या आजारी. सर्वांत जवळची तारीख सोळा दिवसांनंतरची.

"मी बसवतो," मी म्हणालो.

"तुम्ही कधी बसवलाय का, नाना?"

"हीटर नाही. पण तो ज्या भोकात बसतो, तशी भोकं मी शेकड्यांनी बुजवलीत."

गुरुवारी संध्याकाळी ती कामावरून नवीन हीटरचा खोका घेऊन आली. अंगाला ओल्या कुत्र्यांचा वास, डोळ्यांखाली काळं. घोड्याच्या पायाची चित्रं असलेलं पुस्तक तिने ओट्यावर उघडं टाकलं आणि कांदे चिरायला घेतले. मला वाटलं, भाजी करतेय. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे ताटली ठेवली आणि समोर बसून पुस्तक वाचू लागली.

कांदाभजी. अकरा. मोजायची म्हणून मोजली नाहीत, फोरमनला सवय असते.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पान उलटलं. ताटलीला हात लावला नाही.

विचारायचं नसतंच. मी खाल्ली. कुरकुरीत होती, ओवाही बेताचा. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पोरगी परदेशात राहूनही चूक कबूल करायला विसरली नाही, या विचाराने अकरावं भजं तर फारच चांगलं लागलं.

शुक्रवारी वृषाली बसने कामावर गेली. वॉल्टर आणि मी गाडी त्याच्या गॅरेजात घेतली. बाहेर उणे चौतीस, आत त्याचा शेगडा भणभणत होता. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताला ग्रीस लागलं. वॉल्टर टॉर्च धरून उभा राहिला आणि मी गाडीखाली आडवा झालो. त्याला दिसत नव्हतं, मला वाकता येत नव्हतं. दोघांचा मिळून एक मेकॅनिक व्यवस्थित होत होता.

इंजिन गार होऊ दिलं. खाली टब लावून हिरवं कूलंट सोडलं. हीटर ब्लॉकच्या मागच्या अंगाला, एक्झॉस्टच्या पाइपाआड. मधला एकच स्क्रू, पण हात पोचेल तर ना. पाऊण तास गेला.

"मिस्टर नाना, येतोय का?" वृषाली मला नाना म्हणते हे ऐकून त्याने माझं तेवढंच नाव धरलं होतं.

"येतोय. दम धरा. चेअरमनची जीप यापेक्षा हट्टी होती."

"चेअरमन कोण?"

"तोही."

हीटर सुटला तेव्हा उरलेलं कूलंट माझ्या बाहीतून काखेपर्यंत गेलं. मी जागा कापडाने पुसली, नव्या हीटरची रबरी रिंग कूलंटने ओली केली, आतली दांडी ब्लॉकला चिकटणार नाही अशी सरळ धरून बसवली आणि स्क्रू आवळला. जास्त नाही, कमी नाही. ते हाताला कळतं.

"आता पाणी द्या," मी म्हणालो.

"पाणी?" वॉल्टरचा आवाज बदलला.

"रेडिएटरला. थोडं कूलंट सांडलंय, तेवढी भर घालतो."

वॉल्टरने पाण्याचा कॅन उचलून स्वतःच्या मागे लपवला. "मिस्टर नाना, इथे नुसतं पाणी घातलं तर रात्रीत त्याचा बर्फ होतो आणि लोखंड फुटतं. बाटलीतलंच घालायचं."

मला हे ठाऊक होतं. फक्त हाताला ठाऊक नव्हतं. मी बाटलीतलं घातलं, इंजिन चालवून हवा काढली, कुठे गळत नाही ना ते पाहिलं, इंजिन निवलं तेव्हा त्याच्या गॅरेजातल्या प्लगला वायर जोडली. दोघे कान लावून उभे राहिलो.

सूं...

वॉल्टरने माझा हात हातात घेतला. मीही त्याचा घेतला. दोन म्हातारे एका गाडीची नाडी बघत उभे असल्यासारखे. तीन वाजत आले होते. मी विजयी होतो.

आता माझी आणखी एक सवय. काढलेला पार्ट कापून, तपासून, का मेला हे कळल्याशिवाय मी कधी भंगारात टाकला नाही. जुना हीटर हातात घेतला. वायर तर शाबूत दिसत होती. दांडीवर काळं नाही, फुगलेलं नाही.

"एक बादली द्या," मी म्हणालो. "तिच्यात पाणी चालेल ना?"

बादलीत पाणी घेतलं, दांडी पाण्यात सोडली, वायर जोडली. वॉल्टरने कॉफी ओतली. आमचं बोलणं कशावर चाललं होतं ते आठवत नाही, बहुतेक त्याच्या ट्रकवर, तो नेहमी ट्रकवरच येई. बोलता बोलता त्याचं लक्ष बादलीकडे गेलं आणि तो थांबला.

बादलीतून वाफ येत होती. आणि किटलीसारखा आवाज.

मी वायर काढली. पाण्यात बोट घातलं. चटका बसला.

"हा तर चांगला आहे," वॉल्टर म्हणाला.

"हो."

"मग बिघडलं काय होतं?"

मी खुर्चीत बसलो. गाड्या फार सरळ असतात. हीटर चांगला, वायर चांगली, तर उरते वीज. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, की आधी वीज बघ, मग हत्याराला हात लाव. आणि बुधवारी मी काय बघितलं होतं? दिवा. दिवा आणि प्लग एकाच भिंतीवर, म्हणून एकाच बटणावर?

भिंतीवर बटणं दोन होती. एकाने दिवा लागायचा. दुसऱ्याने काहीच लागत नव्हतं.

"मिस्टर नाना? काय बिघडलं होतं?"

"फोरमन," मी म्हणालो.

मी त्याला सगळं सांगितलं. आठ दिवस, आल्या दिवसापासून. जुन्या हीटरला काही झालं नव्हतं, नवाही ठणठणीत होता, फक्त दारात नेऊन बांधल्यावर तोही असाच मुका राहिला असता. शनिवारी पहाटे पाच वाजता गाडी कण्हली असती, वृषाली किल्ली धरून बसली असती, आणि मी पायऱ्यांवर उभा राहून तिला प्लग कसा धरायचा ते शिकवलं असतं.

वॉल्टरने कॉफीच्या कपात तोंड घातलं. हसू दाबतोय हे मला दिसत होतं. मोतीबिंदू त्याला होता, मला नव्हता.

"तिला सांगणार?"

"उद्या. चार वाजता."

"चारच का?"

"आमच्याकडे ती वेळ असते."

गाडी दारात आणली. आतून टेबलावरचा दिवा आणून बाहेरच्या प्लगला लावला. अंधार. आत जाऊन ते बटण वर केलं. बाहेर दिवा लख्ख. खाली केलं, गेला. वर केलं, आला. पाच वेळा केलं. पाचही वेळा मला तीच शिक्षा झाली. मग दिवा काढून गाडीची वायर लावली, बॉनेटला कान लावला, आणि सूं ऐकू आल्यावरच घरात गेलो. बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनने लिहिलं, 'हात लावू नये.' खाली सही केली. आयुष्यभर नोटिशी दुसऱ्यांसाठी लिहिल्या, ही एक स्वतःसाठी.

मग पट्टीवर हर्षलची टोपी अडकवली. तिने आजच वाचायला नको होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीच्या डोक्यात घोडा असायला हवा, बाप नव्हे.

वृषाली आली ती बॅग न ठेवता बॉनेटकडे गेली. कान लावला. तिचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. आत येऊन तिने हातमोज्यांसकट माझा हात धरला.

"नाना, तुम्ही नसतात ना, तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मी मनात केलं.

"जेव आणि झोप," मी म्हणालो. "घोड्याकडे लक्ष दे या वेळी."

शनिवारी पहाटे पाचला उणे अडतीस होतं. तिने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात अशी चालू झाली, जशी रात्रभर वाटच बघत होती. तिने काच खाली करून अंगठा दाखवला. मी भिंतीतली वायर काढली आणि गाडीच्या नाकाशी गुंडाळली. प्लग धरून.

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. घड्याळ सात मिनिटं पुढे केलं, जसं होतं तसं. दुपारी तीनला कांदे काढले. मी सत्तरीला आलेला माणूस, शेकडो वेळा भजी खाल्लेली, पण पिठात पाणी किती घालतात हे मला माहीत नव्हतं. हिला फोन करावा म्हटलं, तर आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, आणि ती पहिलं विचारणार, 'कोणासाठी?' तेव्हा फोन केला नाही. पहिला घाणा तेलात विरघळला. दुसरा जळला. तिसऱ्यापासून भज्यांसारखं काहीतरी व्हायला लागलं. चार वाजता वॉल्टर आला आणि काही न विचारता खुर्ची ओढून बसला. मी त्याला पद्धत सांगून ठेवली होती.

साडेचारच्या सुमारास गाडी दारात आली. मी खिडकीतून पाहिलं. ती उतरली, वायर भिंतीला जोडली, कान लावला. मग आत आली.

"घोडा?" मी विचारलं.

"उभा राहिला. नीट." तिचा आवाज थकलेला होता, पण सरळ होता. निकाल दीड महिन्याने लागला आणि चांगला लागला, पण त्या संध्याकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "हा कसला वास येतोय?"

मी टेबलावरची ताटली तिच्या बाजूला सरकवली. खाली वर्तमानपत्राचा कागद घातला होता. इंग्रजी होता, इलाज नव्हता. त्यावर अकरा भजी.

ती ताटलीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी हात मागे बांधून उभा होतो, जसे गॅरेजात लोक उभे राहायचे. वॉल्टर छताकडे बघत होता.

तिने विचारलं नाही. तिला पद्धत माझ्याइतकीच ठाऊक. पण तिची नजर घरभर फिरली. ओट्यावरून, घड्याळावरून, दाराकडे गेली. हर्षलची टोपी मी काढून ठेवली होती. ती उठली, दारापाशी गेली आणि चिकटपट्टीवरची ओळ वाचली. सहीसुद्धा वाचली असणार, कारण वेळ बराच लागला.

गुरुवारची अकरा तिला आठवत होती. मलाही.

मला वाटलं, आता ती बोलेल. बोलायला हरकत नव्हती, भजी अजून संपली नव्हती.

ती परत येऊन बसली. अंगातला कोटही काढला नव्हता. एक भजं उचललं, फुंकर मारली, खाल्लं. मग दुसरं. वॉल्टरपुढे दोन सरकवली, त्याने खाल्ली आणि डोळे पुसले. मिरचीने, असं तो म्हणाला. उरलेली तिने एकटीने संपवली. सावकाश, एकेक. टायरवर बसून खायची तशी पाय हलवत. मी उभाच होतो.

शेवटचा तुकडा तोंडात टाकून तिने बोटं कागदाला पुसली.

"नाना."

"बोल."

"कांदा कच्चा राहिलाय."

"पहिलीच वेळ आहे," मी म्हणालो.